पिशवी काढल्यानंतर संबंध कधी, कसे आणि दुखलं तर काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. भांडुपच्या एक ताई, वय 44, बँकेत नोकरी. फायब्रॉइडच्या गाठींमुळे दीड वर्ष पाळीत खूप अंगावरून जायचं, हिमोग्लोबिन 7.4 पर्यंत उतरलं होतं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, शेवटी दुर्बिणीतून गर्भाशयाची पिशवी काढली. त्याला आता दहा आठवडे झाले. सहा आठवड्यांच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "आता सगळं नॉर्मल सुरू करा." नवव्या आठवड्यात एकदा संबंधांचा प्रयत्न केला, तर दुखलं आणि नंतर पॅडवर गुलाबी डाग दिसला. तेव्हापासून नवराबायको दोघंही धास्तावलेत. इच्छाही होत नाही. सासूबाई म्हणतात, "पिशवी गेली, आता कसलं ते." कार्डावर 'टीएलएच विथ बीएस' असं लिहिलंय. ताई विचारतात, माझं बाईपण संपलं का? आणि पिशवी काढली हेच चुकलं का?

ताई, सगळ्यात कामाची माहिती तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीये. कार्डावरची ती अक्षरं. टीएलएच म्हणजे टोटल लॅपरोस्कोपिक हिस्टरेक्टॉमी, दुर्बिणीतून गर्भाशय आणि गर्भाशयाचं तोंड दोन्ही काढलं. बीएस म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या काढल्या. बस, तिथंच थांबलेत. 'बीएसओ' लिहिलेलं असतं तर त्या 'ओ'चा अर्थ अंडाशयंही काढली असा झाला असता, आणि माझं उत्तर बरंच वेगळं झालं असतं. तुमची दोन्ही अंडाशयं जागेवर आहेत आणि त्यांचं काम करतायत. मग नळ्या कशाला काढल्या? तर अंडाशयाचा म्हणून जो कॅन्सर आपण ओळखतो, तो पुष्कळदा नळीच्या झालरीसारख्या टोकाशी सुरू होतो हे आता लक्षात आलंय. नळी हॉर्मोन तयार करत नाही. मुलं झालेली आहेत, पोट उघडलेलंच आहे, तर ती काढून टाकतात.

माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी "सगळं काढलं" एवढंच सांगतात. सगळं म्हणजे काय, असं विचारलं की त्या नवऱ्याकडे बघतात, आणि नवरा फाइलकडे. म्हणून हे उत्तर वाचणाऱ्या प्रत्येकीनं आधी कपाटातून ते कार्ड काढावं. पिशवी काढल्यानंतर संबंधांचं काय होणार, याचं अर्धं उत्तर त्या कार्डावर असतं.

आता टाके. माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एक पांढरा शाळेचा मोजा आहे, माझ्या मुलीचा, एकटाच उरलेला. बायकांना समजावताना मी तो हातात चढवते. मोज्याचं पायात घालायचं तोंड म्हणजे योनीचं तोंड. बोटांकडचं टोक, जिथे आडवी शिवण असते, ते आतलं टोक. आधी तिथे गर्भाशयाचं तोंड होतं, आता ते काढून तिथे शिवण घातलीय. तिला आम्ही व्हॉल्ट म्हणतो. मोजा ताणला की लांब होतो, सोडला की परत येतो. योनीही तशीच आहे. साध्या आजारासाठी काढलेल्या पिशवीनंतर ती फारशी आखूड होत नाही. (कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशनात योनीचा वरचा भागही काढावा लागतो, तिथे आखूड होते. ते तुमच्याबाबतीत नाही.) पिशवीच्या जागी पोकळी राहते, आत वारा शिरतो, नवऱ्याला "रिकामं" लागतं, हे सगळं मी ऐकलेलं आहे. पिशवीची जागा आतडी लगेच घेतात. एका बाईनं फार संकोचून विचारलं होतं, "मग यांचं ते जातं कुठं?" प्रश्न अगदी रास्त आहे. कुठेही जात नाही. शिवण बंद असते, ते परत बाहेर येतं. पोटात साठत नाही, सडत नाही, त्यानं कॅन्सर होत नाही.

सहा आठवडे हा जो आकडा सगळीकडे फिरतो, तो त्या शिवणीचा हिशोब आहे. विरघळणारा धागा तीन-चार आठवडे शिवण धरून ठेवतो, तोवर कातडी जुळून येते, आणि साधारण दोन महिन्यांत धागा नाहीसा होतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनात कधी कधी बारीक काटे असलेला धागा वापरतात, तो काही महिने राहतो. नवऱ्याला आत काही टोचल्यासारखं वाटलं तर बहुधा तोच असतो. शिवाय दुर्बिणीत योनीचा कडेचा भाग विजेच्या उपकरणानं कापला जातो, त्याची कड थोडी भाजते आणि भरायला जास्त वेळ घेते. टाके उसवण्याचा प्रकार एकूणच दुर्मीळ आहे, शंभरात एकीलाही होत नाही, पण जेव्हा होतो तेव्हा दुर्बिणीनंतर तुलनेनं जास्त दिसतो. म्हणून दुर्बिणीनंतर मी स्वतः आठ ते बारा आठवडे थांबायला सांगते, आणि बारा म्हणून मोकळी होत नाही, आत बघून मग सांगते.

"सगळं नॉर्मल सुरू करा" हे वाक्य मीही म्हणायचे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंची पिशवी मी काढली होती. टाके छान, जखम छान, सहा आठवड्यांनी मी तिला तेच वाक्य ऐकवून घरी पाठवलं. चौदा महिन्यांनी त्या मुलीच्या पाळीची तक्रार घेऊन आल्या. मुलगी बाहेर गेली, बाई दाराच्या मुठीवर हात ठेवून थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, ते अजून दुखतं. आता तसंच चालायचं ना?" मी त्यांना परत टेबलावर घेतलं. शिवणीच्या एका कोपऱ्यात डाळिंबाच्या दाण्याएवढा, तसाच लालबुंद, ओला उंचवटा होता. सिल्व्हर नायट्रेटची काडी टेकवली, दाणा राखाडी पडला. दोन मिनिटांचं काम. चौदा महिने त्या बाईंनी दात आवळून काढले, कारण मी "सगळं" म्हणजे काय ते सांगितलं नव्हतं आणि दुखलं तर परत या, हेही नाही.

तुमचा गुलाबी डाग बहुधा याच जातीचा आहे. जखम भरताना कधी कधी जास्तीचं मांस वाढतं, त्याला आम्ही ग्रॅन्युलेशन म्हणतो. त्याला धक्का लागला की रक्त येतं, एरवी कळतही नाही. तो कॅन्सर नव्हे. औषधाची काडी एकदा, फार तर दोनदा लावली की जातो, भूल लागत नाही. पण न बघता मी हे शंभर टक्के सांगू शकत नाही, म्हणून येत्या आठवड्यात तपासून घ्या आणि तोवर आत काही नको. टॅम्पॉन नको, पिचकारी नको, कुणी सांगितलेली फिटकरीची गोळी तर मुळीच नको.

थांबायचं नाही, अशी लक्षणं वेगळी आहेत: तासाभरात पॅड भिजेल इतकं रक्त, ताप आणि वास येणारा स्राव, पोटात अचानक कळ, सतत पाण्यासारखं गळत राहणं, पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा खाली काहीतरी बाहेर आल्यासारखं वाटणं. हे शेवटचं कधी झालं तर आडवं व्हा, स्वच्छ ओलं कापड ठेवा, आत ढकलायचा प्रयत्न करू नका, काही खाऊ-पिऊ नका आणि थेट जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. ओपीडीचा नंबर लावत बसू नका.

आता इच्छेचं. संबंधांची इच्छा नाही म्हणून कुणी आली की मी आधी हिमोग्लोबिन बघते. बायका हसतात. पण 7.4 हिमोग्लोबिनवर तुम्ही दीड वर्ष भांडुप ते फोर्ट असा प्रवास केलात, वर नोकरी, घर, शनिवारचा बाजार. शरीरानं तेवढंही कसं केलं, याचं मला नवल वाटतं. इच्छा त्यात कुठून यायची? ऑपरेशननं गळती थांबली, पण रिकामी टाकी भरायला महिने जातात. लोहाची गोळी हिमोग्लोबिन चांगलं झाल्यावरही किमान तीन महिने घ्यायची, लिंबूपाण्याबरोबर, आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. (हा सल्ला मुंबईत पाळणं सगळ्यात अवघड, हे मला माहितीय.) थायरॉइडही एकदा तपासून घ्या. उदासीसाठी किंवा झोपेसाठी काही गोळ्या चालू असतील तर त्यांनीही इच्छा मंदावते. त्या आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगून बदलून घ्या.

तुमची अंडाशयं शाबूत आहेत, म्हणून हॉर्मोन्सचा कडेलोट झालेला नाही. मात्र एक लक्षात ठेवा. पिशवी काढल्यावर अंडाशयांचा रक्तपुरवठा थोडा कमी होतो, त्यामुळे रजोनिवृत्ती वर्ष-दोन वर्षं अलीकडे येऊ शकते. आपल्याकडे ती तशीही सरासरी 46-47 ला येते. आणि पाळीच नसल्यामुळे ती आली हे कळायला कॅलेंडर नाही. अंगातून अचानक वाफा येणं, रात्री घाम, झोप तुटणं, योनीत कोरडेपणा, यावरून ओळखायचं. तसं काही वाटलं तर "मुंबईच्या दमट हवेनं होतंय" म्हणून सोडू नका, मे महिन्यात ही गफलत फार होते.

"बाईपण" कुठं असतं, या मोठ्या प्रश्नात मी पडत नाही, पण सुख कुठं असतं ते शरीरशास्त्रानं सांगता येतं. क्लिटोरिस, म्हणजे शिश्निका, बाहेर असते. पिशवीच्या ऑपरेशनात तिला कुणी हात लावत नाही. 2022 साली अमेरिकेत तिच्या मुख्य नसेतले तंतू मोजले, तेव्हा ते दहा हजारांहून जास्त निघाले. बहुतेक बायकांना पूर्ण सुख तिथूनच मिळतं. शिश्निका हा शब्द मराठीत आहे, पण तो उच्चारलेला मी गेल्या कित्येक वर्षांत एकाही पेशंटच्या तोंडून ऐकला नाही. आपलं सगळं "तिकडे", "खाली" आणि "ते" यांवर चालतं. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी याच मुंबईत 1921 मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि पुढे लैंगिक आरोग्यावर उघड लिहिण्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. शंभर वर्षं उलटली, आणि माझ्या पेशंट अजून "ते" म्हणतात.

खरं तेही सांगते. काही जणींना सुखाच्या टोकाला गर्भाशयाचं आकुंचन जाणवायचं, पोटात आतवर लाट गेल्यासारखं. त्यांना ती लाट आता वेगळी किंवा उथळ वाटते. त्या खोटं बोलत नाहीत आणि त्यांचं डोकंही फिरलेलं नाही. काही महिन्यांत बहुतेकींना नवी घडी सापडते. दुसरीकडे, ज्यांना रक्तस्राव आणि दुखण्यामुळे आधीच संबंध नकोसे झाले होते, त्यांचं सुधारतं. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये हजारावर बायकांचा ऑपरेशनआधी आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा केला होता, 1999 साली त्याचे निष्कर्ष आले. वारंवार दुखण्याची तक्रार आधी 18.6 टक्के जणींना होती, दोन वर्षांनी 3.6 टक्क्यांना उरली. गर्भाशयाचं तोंड ठेवलं तर सुख टिकतं, असं पुष्कळांना वाटतं. लंडनमध्ये 2002 साली तोंड ठेवलेल्या आणि काढलेल्या बायकांची नीट तुलना झाली. लैंगिक सुखात फरक सापडला नाही. तेव्हा "तोंड राहिलं असतं तर" हा विचार डोक्यातून काढा.

आता कसं सुरू करायचं. तपासणी होऊन हिरवा कंदील मिळाला की लगेच त्याच रात्री नव्हे. पहिले दोन-तीन आठवडे मी एकच नियम देते: संबंधात आत काही नाही. जवळ झोपा, हात फिरवा, बोला, बाहेरून जे आवडतं ते करा, पण आत जायचं नाही हे दोघांनी आधी ठरवून टाका. मनातली धास्ती याच ठरावानं उतरते. दुखण्याची आठवण शरीर विसरत नाही; नवव्या आठवड्याच्या त्या रात्रीनंतर तुमचे खालचे स्नायू प्रत्येक स्पर्शाला मुठीसारखे आवळून घेत असतील. मूठ आवळलेली असताना आत गेलं की दुखतं, दुखलं की मूठ आणखी आवळते. म्हणून तपासणीत सगळं ठीक निघाल्यावरच्या या मधल्या काळात, अंघोळीच्या वेळी वगैरे, स्वतःचं स्वच्छ बोट जेल लावून सावकाश आत नेऊन बघा. कुठे दुखतं? योनीच्या तोंडाशी दुखत असेल तर तो बहुतेक कोरडेपणा किंवा आवळलेले स्नायू. अगदी आत, टोकाशी दुखत असेल तर शिवण. डॉक्टरांना एवढं सांगता आलं तरी त्यांचं निम्मं काम होतं.

केगलचे व्यायाम सगळ्या जणी व्हॉट्सअॅपवर वाचून येतात. लघवी रोखल्यासारखं आवळायचं. लघवी गळत असेल, अंग बाहेर येत असेल तर ते फार उपयोगी आहेत. पण ज्यांना दुखण्याच्या भीतीनं आधीच आवळलेलं असतं, त्यांनी आवळण्याचा सराव केला तर उलटा परिणाम होतो. तुम्ही सोडायला शिका. पोट फुगवत श्वास आत घ्या, आणि श्वासाबरोबर खालचा भाग ढिला होऊन खाली उतरतोय असं जाणवू द्या, जसं खूप वेळ रोखलेली लघवी सुटताना होतं. दिवसातून तीन-चार वेळा, दहा-दहा श्वास. लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथेही जमतं, चौथ्या सीटवर मात्र अवघड आहे. दोन महिन्यांत फरक नसेल तर पेल्व्हिक फ्लोअरच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या, फिजिओथेरपिस्टकडे जा. मुंबईत आता असे फिजिओथेरपिस्ट मिळतात आणि हे काम त्या आमच्यापेक्षा चांगलं करतात.

जेलबद्दल लाजू नका. केमिस्टकडे पाण्यात विरघळणारं लुब्रिकंट मागायचं, न लाजता भरपूर लावायचं, दोघांनी. घरचं खोबरेल तेलही चालतं, पण कंडोम वापरत असाल तर नाही, तेलानं रबर फाटतं. व्हॅसलिन नको, ते आत बसून राहतं. गर्भ राहण्याचा प्रश्न आता कायमचा संपला, पण जंतुसंसर्गापासून वाचायला कंडोम लागतोच, जिथे लागतो तिथे. पहिल्या वेळी खोली तुमच्या हातात राहील असं बघा: तुम्ही वर, किंवा दोघं कुशीवर. मागून नको, त्यात खोलवर धक्का बसतो. आधी आणि नंतर लघवीला जाऊन या. दुखलं तर "थांब" म्हणायचं आणि त्यानं थांबायचं, हे आधीच बोललेलं असावं. वेदनाशामक गोळी घेऊन सुरुवात करणाऱ्या बायका मी बघितल्यात. तसं करू नका, दुखणं दाबलं तर शिवण काय सांगतेय ते कळणार नाही.

नवऱ्याबद्दल. "आमचे हे काही म्हणत नाहीत" असं सांगणाऱ्या बाईचे 'हे' बहुतेक वेळा बाहेर बाकड्यावर फाइल मांडीवर घेऊन बसलेले असतात. मी त्यांना आत बोलावते आणि मोजा त्यांच्या हातात देते. त्यांची पहिली भीती असते की माझ्यामुळे टाके तुटतील. ती गेली की पुष्कळांचा चेहराच बदलतो. आणि कधी कधी दुसरीच गोष्ट बाहेर येते. पन्नाशीचा माणूस, आठ-दहा वर्षांचा मधुमेह, त्याला स्वतःलाच ताठरता येत नाही, आणि बायकोच्या ऑपरेशनमुळे त्याला तो विषय काढायचीच गरज उरलेली नसते. दोघंही एकमेकांना सांभाळून घेतायत असं वरून दिसतं. तुमच्या घरी तसं असेलच असं नाही, पण तपासणीला त्यांना बरोबर न्या.

आणि जागा. यावर पुस्तकात काही लिहिलेलं नसतं. मुंबईत वन रूम किचनमध्ये हॉलला दहावीचा मुलगा अभ्यास करतोय, आत सासूबाई जप करतायत, आणि दोघांना कान भिंतीला लावून सगळं आटपायचंय. अशा घाईत चांगल्या तब्येतीच्या बाईलाही ओलावा येत नाही. घाई हे दुखण्याचं मोठं कारण आहे. मुलं क्लासला गेल्यावरची रविवार दुपार, एखादी रजा, माथेरानची एक रात्र, जे जमेल ते. सासूबाईंच्या "कसलं ते"ला उत्तर द्यायची गरज नाही. त्यांच्या वेळी पिशवी काढलेल्या बाईला कुणी काही सांगितलंच नसेल, एवढाच त्याचा अर्थ.

ज्यांच्या कार्डावर तो 'ओ' आहे, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. दोन्ही अंडाशयं काढली की रजोनिवृत्ती एका रात्रीत येते, हळूहळू नाही. कोरडेपणा, वाफा, इच्छा मंदावणं हे जास्त ठळक असतं, कारण इच्छेशी संबंध असलेल्या टेस्टोस्टेरॉनचाही मोठा वाटा अंडाशयातून येत असतो. योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम साधारण दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा लावलं तर कोरडेपणा खूप सुधारतो. त्यातलं औषध रक्तात फारच थोडं जातं. पंचेचाळिशीच्या आत अंडाशयं काढलेल्या बाईला, काही मनाई नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं असाच सल्ला आहे, संबंधांसाठीच नव्हे तर हाडं आणि हृदयासाठीही. पिशवी नसल्यामुळे बहुतेकींना त्याबरोबर प्रोजेस्टेरॉन लागत नाही, एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार) असेल तर विचार करावा लागतो. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर क्रीमसुद्धा स्वतःहून लावू नका, कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. रेडिएशन घेतलेल्या बायकांची योनी आवळत जाते, त्यांनी डायलेटर, म्हणजे योनी हळूहळू सैल करायची गुळगुळीत नळी, वापरायला लवकर शिकायला हवं.

बाकी तब्येतीचं पटकन सांगते. चालणं पहिल्या दिवसापासून. पहिले सहा ते आठ आठवडे भरलेली बादली, धान्याचं पोतं, लहान मूल उचलणं नको, 14.2 किलोचा गॅस भरलेला सिलिंडर तर बारा आठवडे कुणीतरी दुसऱ्यानं सरकवावा. पहाटे पाण्याची वेळ असते तिथे पिंप भरायचं काम घरातल्या दुसऱ्याकडे द्या. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्यानं शिवणीवर ताण येतो. कपालभाती आणि पोटाचे व्यायाम तीन महिन्यांनंतर. पोटाला पट्टा बांधला नाही तर पोट सुटतं, हे खरं नाही. वांगं, भात, दही बंद करायची काहीही गरज नाही, तुम्हाला उलट चांगलं जेवायची गरज आहे. गर्भाशयाचं तोंड काढलेलं असल्यामुळे आणि आजार साधा असल्यामुळे तुम्हाला पॅप स्मिअर, म्हणजे त्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी, आता लागणार नाही. ज्यांचं तोंड ठेवलंय किंवा ज्यांना आधी कॅन्सरपूर्व बदल होते, त्यांना लागतो.

पिशवी काढली ते चुकलं का? हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण महाराष्ट्रात तो विचारायला कारण आहे. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण बाहेर आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत 82 हजारांहून जास्त बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यातल्या कितीतरी जणी तिशी-पस्तिशीच्या. पांढरं जातंय म्हणून, कॅन्सर होईल अशी भीती घालून, पाळीमुळे मजुरी बुडते म्हणून. तिथे "चुकलं" हा शब्दही अपुरा पडतो. तुमचं तसं दिसत नाही. 7.4 हिमोग्लोबिन, वाढलेल्या गाठी, औषधांचे प्रयत्न करून झालेले, वय 44, मुलं झालेली, अंडाशयं जपलेली. तुमच्या जागी माझी बहीण असती तर मीही हेच सुचवलं असतं, फार तर आधी एकदा हॉर्मोनच्या कॉपर-टीसारख्या साधनाचा विषय काढला असता, आणि मोठ्या गाठींत ते साधन टिकत नाही, निसटून येतं, हेही सांगितलं असतं. तुम्हाला चुकीचं वागवलं गेलं ते ऑपरेशननंतरच्या त्या एका वाक्यात.

तपासणीला पाळीचे दिवस बघायचे नाहीत आता, कुठलाही दिवस चालेल. आदल्या दोन रात्री आत क्रीम किंवा जेल लावू नका, आतलं नीट दिसत नाही. डिस्चार्ज कार्ड, पिशवीच्या बायॉप्सीचा रिपोर्ट आणि नवं हिमोग्लोबिन बरोबर ठेवा. बायॉप्सीचा रिपोर्ट बऱ्याच जणी आणायलाच विसरतात, तो लॅबमध्येच पडून असतो. तो आधी ताब्यात घ्या आणि डॉक्टरांसमोर उघडून वाचून घ्या. टेबलावर झोपल्यावर सांगा की नवव्या आठवड्यात संबंध आला, दुखलं, गुलाबी डाग आला, आणि तेव्हा दुखलं ते योनीच्या तोंडाशी की आतल्या टोकाशी. हेच शब्द वापरा. "ते" म्हणू नका.